शेवटच्या पानाचे खैरनारकाका

आमच्या मासिकाचे एक वाचक आहेत, ते अंक डोंगराच्या माथ्यावर गेल्याशिवाय उघडत नाहीत. कुठल्याही डोंगराच्या नाही हं. अंकात ज्या डोंगराविषयी लिहिलंय, त्याच डोंगराच्या. टपालाने पाकीट आलं की ते न फोडता कपाटावर जातं. पुढे कधीतरी त्या डोंगरावर जायचा योग आला की पाकीट पाठपिशवीत पडतं, वर जातं, वर गेल्यावर फुटतं, आणि मग खैरनारकाका उभे राहून शेवटचं पान मोठ्याने वाचतात. मोठ्याने म्हणजे शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तेवढ्या मोठ्याने. आमच्या एका वर्गणीदाराने मला खास फोन करून कळवलं होतं, "मॅडम, मी हातगडाच्या अर्ध्यात होतो आणि वरून कुणीतरी तुमचं मासिक ओरडत होतं."

या पद्धतीचा परिणाम असा की काकांची तक्रार चार-पाच वर्षांनी येते. इतर वाचक अंक हातात पडला की दुसऱ्या दिवशी भांडतात. काका निवांत. एकदा ते कचेरीत आले, डोक्यावरचं हेल्मेट न काढताच खुर्चीत बसले (ते हेल्मेट मी आजवर उतरलेलं पाहिलेलं नाही, चहाही त्यातूनच पितात) आणि म्हणाले, "संपादकताई, तक्रार नाय, सूचना हे. हातगडच्या लेखात पाण्याचं टाकं डाव्या हाताला लिहिलंय. ते उजव्या हाताला हे." मी तो लेख शोधायला बसले. सापडला तेव्हा लक्षात आलं की तो लिहिणाऱ्या पोराचं तोवर लग्न झालं होतं, त्याला जुळं झालं होतं, आणि डोंगर सोडून तो शेअर बाजारात चढउतार करत होता. आता बोला. कुणाला जाब विचारणार?

"तक्रार नाय, सूचना" हे काकांचं पालुपद. सूचना संपली की दुसरं पालुपद यायचं, "माझं काही नाय, तुमचंच नुकसान होईल." मग ते पिशवीतून कापूसकोंड्याच्या गोष्टीसारखी न संपणारी चिवड्याची पुडी काढायचे, सगळ्यांना वाटायचे आणि स्कूटरवरून निघून जायचे.

माणूस ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेला. मूळ गाव सटाण्याकडचं. इतकी वर्षं नाशकात काढली, पण रंगात आले की बोलण्यात 'आहे'च्या जागी तिकडचं अहिराणी 'शे' डोकावतं. गंगापूर रोडवर एका दातांच्या दवाखान्याच्या डोक्यावर आमची 'सुळका'ची कचेरी आहे. खाली लोक विव्हळतात आणि वर आम्ही मासिक काढतो. काका जिन्यावरून येताना खालच्या पेशंटलाही एक-दोन सूचना करून येत असावेत, असा माझा संशय आहे.

आता 'सुळका'विषयी दोन शब्द सांगते, म्हणजे माझं दुखणं कळेल. डोंगरभटक्यांचं मासिक चालवणं म्हणजे एकाच घरात सासू आणि सून दोघींचं मन राखणं. जुना वाचक म्हणतो, पूर्वीचा अंक राहिला नाही. (हे वाक्य मासिकाच्या दुसऱ्या अंकापासून येतंय.) नवा वाचक म्हणतो, एवढं कोण वाचतं, व्हिडिओ टाका. हाताने काढलेले नकाशे होते तेव्हा लोक म्हणाले, वाट चुकली. उपग्रहाचे नकाशे टाकले तेव्हा म्हणाले, त्यात जीव नाही. मुखपृष्ठावर नुसता डोंगर असायचा तिथे आम्ही एक हसरी मुलगी उभी केली, तर एका निवृत्त मास्तरांनी लिहून कळवलं की मुलगी मधून बाजूला झाली तर मागचा सुळका नीट दिसेल.

खैरनारकाकांनी मात्र मुखपृष्ठाविषयी चकार शब्द काढला नाही. मी मनातून त्यांना फार समंजस समजायला लागले होते. मग कळलं, बदललेला तो अंक त्यांच्या कपाटावर पाकिटातच होता. चार वर्षांनी ते आले आणि म्हणाले, "तक्रार नाय, सूचना हे. ही मुलगी कोण?"

एकदा मी म्हटलंसुद्धा, "काका, अंक आता फोनवरही येतो. तिथे वाचत जा ना, वजनही नको."

"फोनवर ऊन पडलं का माझंच तोंड दिसतं," काका म्हणाले. "ते मी घरी बघतो."

आमच्या अंकात त्यांचं प्रेम एकाच पानावर होतं, शेवटच्या. 'माथ्यावरून' असं त्याचं नाव. अंकातल्या डोंगरावर उभं राहिलं की चहूबाजूंना काय दिसतं, ते उत्तरेपासून सुरू करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने लिहायचं. उत्तरेला हे, ईशान्येला ते, पूर्वेला अमुक. दुसरं काही नाही. खरं सांगायचं तर भांड्यांच्या यादीसारखं रटाळ पान. मीच लिहायची, म्हणून अधिकाराने सांगते.

या पानाविषयी काकांच्या सूचना विचित्र असायच्या. "वारा कुठून येतो ते लिहा." "अंकाईवरून खालून जाणाऱ्या मालगाडीचा आवाज येतो, ते लिहिलंच नाय." "वास लिहा की. वास नसतो का डोंगराला?" एकदा तर अंकाईच्या पानात पूर्व आणि पश्चिम यांची अदलाबदल झाली होती, माझीच डुलकी. त्यावर काका तणतणत आले. "संध्याकाळची वेळ, पूर्वेकडे तोंड म्हणून बसवलं, तर तोंडावर ऊन. काय इज्जत राहिली आपली?"

"मग टोपी घालायची ना काका," मी म्हटलं.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विमानाचा एखादा स्क्रू उलटा बसवलाय.

कुणाला पूर्वेकडे तोंड करून बसवलं, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. आमच्या कचेरीत सई म्हणून आहे. मासिकातलं जे जे नवं ते ती बघते. तिचं म्हणणं, काका शाळेच्या सहली नेत असतील. मला वाटायचं, माणूस आकाशवाणीवर जायची हौस भागवतोय. पण दोघींना एक गोष्ट काही केल्या पटत नव्हती. एवढ्या डोंगरवेड्या माणसाला एकही डोंगर ओळखता यायचा नाही. एकदा चहा पिता पिता त्यांनी आमच्या गच्चीवरून दक्षिणेकडे बोट केलं आणि विचारलं, "हा कोणता?" अहो, ती पांडवलेणी. नाशकातलं शेंबडं पोरही झोपेत ओळखेल. काकांना सांगितलं तर म्हणाले, "असं होय. मला सगळे सारखेच दिसतात. मोठे."

तर गेल्या वर्षी सईने हिय्या केला. वाचकांना फोनवर एक प्रश्नावली पाठवली, की 'सुळका'तलं तुम्हाला काय आवडतं. आणि पर्यायांत 'माथ्यावरून' घातलंच नाही. तिचं उत्तर तयार होतं, "ताई, ते पान कुणी वाचत नाही. वेबसाइटवर लोक तिथे येतात आणि पळत सुटतात. आता फोन डोंगरासमोर धरला की नावं आपोआप उमटतात. आपण कशाला लिहायचं?" मला तिच्या बोलण्यात काही खोट काढता येईना. शिवाय ते पान लिहायचा मलाही कंटाळा आला होता, हेही खरं.

प्रश्नावली काकांपर्यंत पोचली आणि काका दुसऱ्या दिवशी कचेरीत. "संपादकताई, यात आपलं पान नाय."

"बघू काका," मी म्हटलं. बघू हा शब्द मराठीत फार सोयीचा आहे.

पण काका काही बघू म्हटल्यावर गप्प बसणारे नव्हेत. पुढच्या आठवड्यात अचानक आम्हाला फोन यायला लागले. "नमस्कार, मी तुमचा फार जुना वाचक. मला ते माथ्यावरून पान लय आवडतं." मी हरखले. विचारलं, "काय आवडतं त्यातलं?" पलीकडून उत्तर आलं, "सगळंच. म्हणजे... माथा." दुसऱ्या बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, पाककृती फार छान असतात त्या पानावर, मी करून बघितली. तिसरे गृहस्थ बोलता बोलता कुणाला तरी विचारत होते, "पान कोणतं म्हणायचं? शेवटचं ना?" मागून खैरनारकाकांचा आवाज स्पष्ट आला, "शेवटचं. आणि वर्गणीदार हे असं म्हण." काकांनी सोसायटीतले सगळे लोक कामाला लावले होते. दूधवालासुद्धा सुटला नव्हता. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, मला वाचता येत नाय, पण पान चांगलं हे."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. आणि मग मी एक तोडगा काढला, सगळ्यांना खूश ठेवणारा. पान बंद करायचं नाही, अर्धं करायचं. वरच्या अर्ध्यात 'माथ्यावरून', खालच्या अर्ध्यात जाहिरात. जुने वाचक तुटणार नाहीत, नवं काहीतरी होईल, सईही शांत. मी स्वतःवर बेहद्द खूश झाले. 'घराजवळचे डोंगर' असा आमचा नव्या वाचकांसाठीचा अंक निघाला, त्यात मुख्य लेख रामशेजचा. शेवटचं पान सवयीने मी पूर्ण लिहिलं होतं. मांडणी करताना जिथे अर्धं पान संपलं तिथे मजकूर कापला.

अंक टपालात पडला आणि काकांचा फोन आला. "संपादकताई, रविवारी रामशेजला या सकाळी. पाकीट फोडायचंय. ते पान कशाला लागतं, ते या म्हणजे कळेल."

काकांनी अंक उघडलेला नव्हता, म्हणजे त्यांना अर्ध्या पानाचं ठाऊक नव्हतं. फोनवर सांगायचा धीर होईना. मी ठरवलं, चढतानाच सांगून टाकायचं. चढावर माणसाला धाप लागलेली असते, जास्त भांडता येत नाही.

रविवारी थंडी मरणाची होती. पायथ्याच्या आशेवाडीत मी गाडी लावली, तर काका स्कूटर उभी करत होते. मागच्या सीटवरून एक बाई उतरल्या. नऊवारी नाही की पंजाबी ड्रेस नाही, साधी सुती साडी, पायात खेळाडूंचे बूट आणि डोळ्यांवर काळा चष्मा. मला वाटलं, काकू फॅशनेबल आहेत.

"बाई, ह्या संपादकताई," काका म्हणाले. काकू शाळेत शिक्षिका होत्या, म्हणून सगळं गाव त्यांना बाई म्हणतं, आणि नवराही.

काकूंनी माझ्या आवाजाच्या रोखाने हात पुढे केला. तो थोडा चुकला आणि माझ्या दंडावर पडला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. काकूंना दिसत नव्हतं.

"अंकाईला सूर्य पूर्वेला मावळवलात त्या तुम्हीच ना?" काकूंनी हसत विचारलं.

आम्ही चढायला लागलो. काका पुढे, त्यांच्या पाठपिशवीचा पट्टा धरून काकू, मागे मी. कचेरीत ज्यांचं तोंड मिटत नाही ते काका इथे एकेका शब्दात बोलत होते. "पायरी." "उंच पायरी." "वाक." "दगड, डावीकडे." मध्ये थांबलो तेव्हा काकूच बोलायला लागल्या. त्या भूगोल शिकवायच्या. आयुष्यभर पोरींना घेऊन डोंगरांवर गेल्या. काका सोबत यायचे ते डबे आणि पाणी वाहायला. डोंगराकडे त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही.

"मग काचबिंदू झाला," काकू म्हणाल्या. "आधी कडेकडेचं गेलं, मग मधलं. नजर पूर्ण गेल्यावर पहिल्यांदा वर आलो ते इथेच. मी ह्यांना विचारलं, काय शे तठे? तर म्हणाले, डोंगर शे. मी म्हटलं, कसा? तर मोठा शे. आणि बाजूला? आखो एक. तोबी मोठा."

काका पुढे उभे राहून बुटाची नाडी सोडत होते आणि बांधत होते.

"मला असा राग आला," काकू सांगत होत्या, "खाली येईपर्यंत बोलले नाही. हेही बोलले नाहीत. पुढच्या खेपेला मात्र कपाटावरचा तुमचा अंक पिशवीत घालून आणला. वर्गणी माझीच होती, जुनी. वर आल्यावर मला बसवलं, अंक उघडला आणि शेवटचं पान वाचायला लागले. जशी दिशा येईल तसं मला खांद्याला धरून फिरवायचं. घरी वाचू देत नाही मी. घरी वाचून काय दिसणार?"

मी म्हटलं, "काका, मला एक सांगायचंय."

"वाचून झाल्यावर," काका म्हणाले. "बाईंना थांबवायचं नाय."

माथ्यावर पोचलो. काकांनी काकूंना एका सपाट दगडावर बसवलं, पाकीट काढलं, फोडलं. मुखपृष्ठ बघितलं नाही, लेख चाळला नाही, थेट शेवटचं पान. मग बायकोच्या मागे उभे राहिले, डावा हात तिच्या खांद्यावर ठेवला आणि कारखान्यातली नोटीस वाचावी तसे वाचायला लागले.

"उत्तरेला दिंडोरीकडच्या द्राक्षबागा. ईशान्येला हवा स्वच्छ असेल तर सप्तशृंगी व मार्कंड्या, त्यांच्या उजवीकडे धोडप."

"दिसतो का धोडप?" काकूंनी विचारलं.

मी त्या दिशेला पाहिलं. नुसती धुरकट हवा. धोडप सोडा, पलीकडचं शेतसुद्धा नीट दिसत नव्हतं.

"चक्क दिसतो," काका म्हणाले.

पुढे पूर्व आली. पूर्वेला ओझरची धावपट्टी. ती वाचताना काकांचा आवाज एकदम चढला, आपलं नाव छापून आल्यासारखा. मग आग्नेय झाली. मग "दक्षिणेला चामरलेणी व तिच्यामागे नाशिक शहर." काकूंचं तोंड आता दक्षिणेला होतं. चेहरा असा निवांत, जसं जेवायला बसलेलं माणूस पुढचा घास येणार म्हणून बसतं.

आणि काका थांबले.

त्यांनी पान जवळ धरलं. लांब धरलं. उलटलं, परत आणलं. मग अंगठ्याने कागदाचा कोपरा चोळायला लागले. त्यांना वाटलं, दोन पानं चिकटली आहेत. त्या म्हाताऱ्या अंगठ्याकडे बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांना खूश ठेवायला मी अर्धं पान कापलं होतं, आणि त्या बाईचं अर्धं आभाळ गेलं होतं.

"पुढे?" काकू म्हणाल्या.

काकांनी घसा खाकरला. काकूंच्या खांद्यावरचा हात थोडा फिरवला आणि होतं ते वाचलं. "नैऋत्येला... दोघांसाठी तंबू."

"नैऋत्येला तंबू?"

"हो. पाणी शिरत नाय."

"कुणी लावलाय?"

"ते नाय लिहिलं. दहा मिनिटांत उभा राहतो."

"आणि त्याच्या पुढे?"

काकांनी खाली बघितलं. "पुढे फोन नंबर हे," ते अगदी हळू म्हणाले.

मला हसू आणि रडू एकदम आलं आणि दोन्ही गिळावं लागलं. मी पुढे झाले. कापलेला मजकूर मीच लिहिला होता, तो भराभर सांगून टाकला. नैऋत्येला अंजनेरी, तिच्यामागे उजवीकडे ब्रह्मगिरी, वायव्येला जवळच देहेरगड. काकू माझ्या शब्दांबरोबर फिरल्या. वर्तुळ पुरं झालं. पण काकांचा हात खांद्यावरून खाली आला होता. त्यांनी अंक घडी करून पिशवीत घातला. मला एक शब्द बोलले नाहीत, ना तक्रार, ना सूचना. "टाक्यात पाणी किती हे बघून येतो," म्हणाले आणि निघून गेले.

काका पुरेसे लांब गेल्याची काकूंनी पावलांवरून खात्री करून घेतली.

"पान बंद करताय ना?" त्या म्हणाल्या. "सोसायटीतल्या लोकांना हे आठवडाभर शिकवत होते फोनवर काय बोलायचं ते. मला दिसत नाही, ऐकू येतं."

"काकू, मला माहीतच नव्हतं की तुमच्यासाठी..."

"माझ्यासाठी?" काकू हसल्या. "अहो, हे सगळे डोंगर मला पाठ आहेत. पोरींकडून घोकून घेतलेत मी. तुम्ही लिहिलंत काय नि नाही काय. हवा आज धुरकट आहे, घशालाच कळते. धोडप दिसत नव्हता ना?"

"नाही."

"पण हे म्हणणार, चक्क दिसतो. भर पावसाळ्यातसुद्धा चक्क दिसतो." त्यांनी साडीचा पदर कानावरून घट्ट ओढून घेतला. "मला पान लागत नाही, ताई. ह्यांना लागतं. आपल्याला वर्णन करता येत नाही याची फार लाज आहे ह्यांना. पान हातात असलं की वाटतं, आपल्यामुळे बाईला दिसतं. पान गेलं तर मला वर आणायचे थांबतील. गुडघ्याचं निमित्त सांगतील. मग आम्ही दोघं घरात टीव्ही ऐकत बसू."

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "पुढच्या अंकापासून पान पूर्ण येईल. सईला मी सांगते काय सांगायचं ते."

"मला कशाला सांगता? त्यांना सांगा," काकू म्हणाल्या. "आणि त्यांनी भांडून मिळवलं असं सांगा."

काका पाण्याची बाटली घेऊन परत आले. मी उभी राहिले आणि शक्य तितक्या गंभीरपणे म्हटलं, "काका, तुमचे फोन पोचले. वाचकांच्या प्रचंड दबावामुळे शेवटचं पान पुढच्या अंकापासून पूर्ण छापायचं आम्ही ठरवलंय. वारा, वास, मालगाडी, सगळं येईल."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. हेल्मेटची पट्टी उगाच घट्ट केली. "दूधवाला बरोबर बोलला का?" त्यांनी विचारलं.

"उत्तम बोलला."

"मग ठीक हे." ते काकूंशेजारी दगडावर टेकले.

मग काकू म्हणाल्या, "अहो, मघाशी ताईंनी पश्चिमेकडची बाजू फार घाईत सांगितली. माझ्या काही ध्यानात आलं नाही. तुम्ही सांगा ना एकदा."

काका गडबडले. हातात कागद नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम बाटलीचं बूच लावत बसले. मग ते उठले, बायकोच्या मागे गेले, तिचे दोन्ही खांदे धरले आणि तिला सावकाश फिरवायला लागले. नैऋत्य मागे गेली. पश्चिमही मागे गेली. समोर जवळचा, मोठा, स्वच्छ दिसणारा देहेरगड आला तेव्हा ते थांबले.

"ही अंजनेरी," काका म्हणाले.

दुरुस्ती अगदी माझ्या जिभेवर आली होती. चूक दिसली की ती खोडल्याशिवाय मला चैन पडत नाही. हाच माझा धंदा आहे. मी बाटली घट्ट धरून गप्प बसले.

"कशी आहे?" काकूंनी विचारलं.

काकांनी डोंगराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलले, पुन्हा मिटले.

"मोठी हे," ते म्हणाले. मग थांबून, "वरून सपाट हे. दमून आडवी झाल्यासारखी. एका कुशीवर. आणि खाली एक झाड हे एकटंच, ते तिच्याकडं बघत बसलंय."

काकू देहेरगडाकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी खांद्यावरच्या हातावर आपला हात ठेवला.

"दिसली," त्या म्हणाल्या. "चक्क दिसली."